इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ पाठ आहेत, पण वापर चुकतो: काय करावे?

कोथरूडकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत झाले. गेली सहा वर्षे मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी अमेरिकेतील ग्राहकांबरोबर ऑनलाइन बैठका असतात. इंग्रजी लिहिण्या-बोलण्याची भीती आता उरलेली नाही. अडचण आहे ती वाक्प्रचारांची. दहावीच्या वर्षी दोनशे पानी वहीत डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे मराठी अर्थ अशी यादी मी केली होती आणि ती मला आजही जवळजवळ तोंडपाठ आहे. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित, 'ॲट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे ऐन वेळी, 'टू लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' म्हणजे जंग जंग पछाडणे. असे अडीचशे तरी असतील. तरीही गेल्या दोन महिन्यांत मी दोनदा तोंडघशी पडलो.

पहिला प्रसंग असा. एका नव्या सुविधेविषयी मी दहा पानांचे सादरीकरण तयार केले होते. बैठकीत ग्राहकाकडील प्रमुख बाई म्हणाल्या, 'लेट्स टेबल धिस.' आपल्याकडे विधानसभेत अहवाल पटलावर ठेवतात, तेव्हा हाही विषय त्यांना चर्चेसाठी मांडायचा आहे असे समजून मी उत्साहाने पडदा सामायिक केला आणि पहिले पान वाचायला सुरुवात केली. तीन-चार मिनिटे पलीकडे शांतता होती. नंतर माझ्या वरिष्ठांनी मला खाजगी संदेश पाठवला, 'थांब, त्या नको म्हणाल्या आहेत.' कोशात मात्र 'टेबल'चा अर्थ 'प्रस्ताव मांडणे' असाच दिलेला आहे. मग चुकले कोण?

दुसरा प्रसंग त्याहून लाजिरवाणा आहे. त्यांच्यातील एका गृहस्थाने 'सगळे काम शनिवारी सकाळपर्यंत हवे' असे सांगून माझा चेहरा पडल्यावर 'आय ॲम पुलिंग युवर लेग' असे म्हटले. पाय ओढणे म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. मी गंभीरपणे उत्तर दिले की तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. त्यांनी चक्क माफी मागितली, आणि ती कशासाठी मागितली हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

जाणकारांना मला एवढेच विचारायचे आहे की पाठ केलेल्या वाक्प्रचारांपैकी आज खरोखर वापरात असलेले कोणते हे ओळखावे कसे, आणि मराठीत तसाच वाक्प्रचार असेल तर त्यावर कितपत विसंबावे? शिवाय व्हॉट्सॲपवर या वाक्प्रचारांच्या जन्मकथा सतत येत असतात. त्या लक्षात ठेवल्या तर अर्थ पक्का होतो असे म्हणतात. त्या खऱ्या असतात का?

हडसनपार यांचे उत्तर

'टेबल'च्या बाबतीत तुमचे काही चुकलेले नाही आणि त्या बाईंचेही नाही. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे. आपली संसदीय भाषा तिकडून आल्यामुळे आपले 'पटलावर ठेवणे' हे त्याचेच भाषांतर आहे. अमेरिकेत मात्र 'टेबल' करणे म्हणजे विषय बाजूला सारणे, आणि त्यांच्या प्रतिनिधिगृहात असा ठराव मंजूर झाला तर मूळ प्रस्ताव जवळजवळ निकालातच निघतो. म्हणजे एकाच शब्दाचा अर्थ लंडनमध्ये 'पटलावर ठेवणे' असा, तर वॉशिंग्टनमध्ये 'बासनात गुंडाळणे' असा होतो. तुम्ही एकटेच फसलात असे समजू नका. दुसऱ्या महायुद्धावरील आपल्या ग्रंथात चर्चिल यांनी नमूद केले आहे की ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचे टिपण 'टेबल' करण्याची इच्छा व्यक्त केली, अमेरिकन अधिकाऱ्यांना ते अडगळीत टाकायचे आहे असे वाटले, आणि दोन्ही बाजूंचे मत एकच आहे हे ध्यानात येण्यापूर्वी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला. 'मूट पॉइंट'चेही तसेच आहे. ब्रिटनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'वादाचा मुद्दा', म्हणूनच आपल्या विधी महाविद्यालयांत 'मूट कोर्ट' भरते. अमेरिकेत हाच शब्द 'आता ज्याला काही अर्थ उरला नाही असा मुद्दा' या अर्थाने ऐकू येतो.

मी न्यू जर्सीत चौदा वर्षे राहत आहे. तुमच्या वहीतील यादीपैकी फारच थोडे माझ्या कानांवर पडते. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' हे आमच्या कार्यालयात मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेले नाही. मुसळधार पाऊस पडला की सगळे 'इट्स पोअरिंग' असे साधेच म्हणतात. जे ऐकू येते त्यातील निम्मे बेसबॉलच्या मैदानावरून आलेले असते. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणे, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण, 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे पुढे होऊन जबाबदारी घेणे. तुम्ही हा खेळ पाहिला नसला तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा की आपण सहज वापरतो ते क्रिकेटचे वाक्प्रचार इथे निरुपयोगी आहेत. 'सरकार बॅकफूटवर' असा मथळा मराठी वर्तमानपत्रात कोणालाही कळतो. 'स्टिकी विकेट' म्हणजे पावसाने भिजून उन्हात वाळत चाललेली, फलंदाजाची सत्त्वपरीक्षा पाहणारी खेळपट्टी, हे ब्रिटिश माणसाला सांगावे लागत नाही. माझ्या अमेरिकन सहकाऱ्याला मात्र 'वुई आर ऑन अ स्टिकी विकेट', म्हणजे आपण अडचणीत सापडलो आहोत, असे मी एकदा म्हटले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे विचारले की काय चिकटले आहे.

बेसबॉलमधूनच आलेला एक वाक्प्रचार मात्र जपून घ्या. पावसामुळे सामना रद्द झाला की प्रेक्षकाला पुढील सामन्यासाठी जे तिकीट मिळे ते 'रेन चेक'. आज कोणी जेवायला बोलावले आणि जायचे नसेल तर 'कॅन आय टेक अ रेन चेक?' असे म्हणतात. नवीन असताना मी एका शेजारणीच्या 'रेन चेक'वर विसंबून पुढच्या रविवारी तिच्यासाठी पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या. तो आपल्या 'पुन्हा कधीतरी नक्की'चा सख्खा भाऊ आहे, हे मला त्या पोळ्यांनी शिकवले.

जुना खडू यांचे उत्तर

मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे त्या दोनशे पानी वहीच्या पापात माझाही वाटा आहे हे आधीच कबूल करतो. वहीत दोनच रकाने होते, वाक्प्रचार आणि अर्थ. तिसरा रकाना आम्ही कधी आखूनच दिला नाही: हा वाक्प्रचार कोण, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलतो? मराठीत हा रकाना आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही, कारण तो कानांनीच भरलेला असतो.

एक उदाहरण देतो. पत्रलेखनाच्या प्रश्नात 'मित्राच्या वडिलांच्या निधनाबद्दल सांत्वनपर पत्र लिहा' असे एकदा विचारले होते. एका अत्यंत कष्टाळू मुलाने, वाक्प्रचार वापरला तर गुण अधिक मिळतात या आमच्याच शिकवणीवर विश्वास ठेवून, 'आय ॲम डीपली ग्रीव्ह्ड टू नो दॅट युवर फादर हॅज किक्ड द बकेट' असे लिहिले. व्याकरण निर्दोष होते. मी लाल शाई उघडली आणि शेरा काय लिहावा याचा विचार करत बसलो. शेवटी त्या मुलाला बोलावून मी विचारले, 'तुझ्या मित्राला तू मराठीत पत्र लिहिलेस तर 'तुझे वडील गचकल्याचे कळून फार दुःख झाले' असे लिहिशील का?' त्याने जीभ चावली. त्यानंतर त्याला काहीही समजावून सांगावे लागले नाही. मराठीत माणूस वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते, तो कैलासवासी होतो, आणि तोच माणूस गचकतो, खपतो किंवा आटोपतो. मृत्यू एकच आहे, पण प्रत्येक शब्दाची पायरी वेगळी. 'किक द बकेट' हा वाक्प्रचार फ्रान्सिस ग्रोज यांच्या १७८५ सालच्या कोशात सापडतो, आणि तो कोश सभ्य भाषेचा नव्हता, ग्राम्य बोलीचा होता. म्हणजे त्याची पायरी तेव्हापासूनच ठरलेली आहे.

'अंडर द वेदर'च्या बाबतीत याच्या उलट चूक होते. त्याचा अर्थ 'आजारी' असा पाठ केलेला असल्यामुळे अतिदक्षता विभागात दाखल असलेल्या माणसाविषयीही रजेच्या अर्जात तो लिहिला जातो. खरे तर तो 'अंगात कसकस आहे, जरा बरे वाटत नाही' एवढ्यापुरताच आहे. अर्ज वाचणाऱ्या परदेशी वरिष्ठाला सर्दी-पडशाच्या निमित्ताने आठवडाभराची रजा मागितल्यासारखे वाटले तर दोष त्याचा नाही.

शब्द बदलण्याचा मोहही आवरावा. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' याच्याऐवजी 'खाल्ल्या घरच्या तुळया मोजणे' असे कोणी म्हणाले तर अर्थ लागेल, पण आपण त्याच्याकडे पाहत राहू. इंग्रजीतही बादलीचा प्रतिशब्द घालून किंवा वाक्य कर्मणी करून तो वाक्प्रचार चालत नाही. 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम' असे म्हटले की एक खरीखुरी बादली डोळ्यांपुढे येते आणि मेलेला माणूस जिवंत होतो. पण 'स्पिल द बीन्स' मात्र कर्मणीत सहज वापरतात, कारण तिथे 'बीन्स' म्हणजे गुपिते आणि 'स्पिल' म्हणजे ती फोडणे असा अर्थ वाटून घेता येतो. कोणता वाक्प्रचार वाकतो आणि कोणता मोडतो याचा नियम मला एकतीस वर्षांत सापडला नाही. ऐकूनच कळते.

आणि ब्लू मूनविषयी थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. एका इंग्रजी महिन्यात दोनदा पौर्णिमा आली तर दुसरीला 'ब्लू मून' म्हणावे, ही व्याख्या अमेरिकेतील 'स्काय अँड टेलिस्कोप' या मासिकात १९४६ साली एका जुन्या पंचांगाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे रूढ झाली. 'क्वचित' या अर्थाचा वाक्प्रचार मात्र एकोणिसाव्या शतकापासून आहे. त्या व्याख्येप्रमाणे ब्लू मून सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो. त्याच्यापुढे आपला कपिलाषष्ठीचा योग पाहा! भाद्रपद वद्य षष्ठी, त्या दिवशी मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात योग, आणि सूर्य हस्त नक्षत्रात. असे सगळे जुळून यायला साठ वर्षे लागतात असे मानतात. तेव्हा आमच्या वहीत या दोहोंपुढे बरोबरीचे चिन्ह होते, ते तितकेसे बरोबर नव्हते. वर्षातून दोनदा सिगारेट ओढणारा इंग्रज 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणेल. त्याला कपिलाषष्ठी म्हणता येणार नाही.

दुभाषी पणजी यांचे उत्तर

मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मराठीतील तशाच वाक्प्रचारावर विसंबावे का यावर, लिहिते. माझ्या अनुभवाने पूर्णपणे अपरिचित वाक्प्रचार कधीच धोका देत नाही, कारण तो आपण मुकाट्याने कोशात पाहतो. धोका देतो तो ओळखीचा वाटणारा.

तुमच्या पायाचेच पाहा. मराठीत पाय ओढणारे म्हणजे टोपलीतील खेकडे: वर चढणाऱ्याला खाली खेचणारे. इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे निव्वळ थट्टा, आणि तीही बहुधा आपलेपणाने केलेली. चित्र एकच, पण एकीकडे हेवा आहे आणि दुसरीकडे लळा. 'कोल्ड फीट' वाचूनही आपल्याला हातपाय गार पडल्याचा भास होतो, पण आपले हातपाय भीतीने किंवा धक्क्याने गार पडतात. इंग्रजी माणसाचे पाय थंड पडतात ते स्वतःच ठरवलेल्या गोष्टीपासून ऐन वेळी कच खाताना, विशेषतः लग्नाच्या आदल्या दिवशी. 'ईट युवर वर्ड्स' आणि 'शब्द गिळणे' हीदेखील अशीच जोडी आहे. आपण शब्द गिळतो तेव्हा ते तोंडाबाहेर पडलेलेच नसतात. इंग्रजीत मात्र बोलून चुकलेले शब्द परत खावे लागतात, म्हणजे आपण चुकलो असे कबूल करावे लागते.

हात धुण्याचा घोळ तर मी स्वतः घातलेला आहे. येशूला शिक्षा देताना रोमन सुभेदार पिलाताने लोकांसमोर हात धुतले आणि या रक्ताची जबाबदारी माझी नाही असे म्हटले, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील कथा. त्यावरून 'वॉश वन्स हँड्स ऑफ' म्हणजे एखाद्या गोष्टीची जबाबदारी झटकून मोकळे होणे. एका अहवालात कंत्राटदाराविषयी हे वाक्य होते. नव्या नवलाईच्या दिवसांत, घाईत, मी लिहून गेले की कंत्राटदार या कामाच्या हात धुऊन मागे लागला. अर्थ नेमका उलटा झाला! ज्याने काम टाकून दिले तो माझ्या भाषांतरात कामाचा पिच्छा पुरवू लागला. त्यातून मराठीत वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे हे तिसरेच आहे, आणि माझ्या संपादकांनी तो मजकूर पाहून शांतपणे विचारले की या तीनपैकी त्या कंत्राटदाराने नक्की कोणते हात धुतले. मजेची गोष्ट म्हणजे पुढे तिन्ही खरे निघाले.

मिठाचे मला विशेष कौतुक आहे, कारण तिथे दोन्ही भाषा शेजारी बसतात, पण एका ताटात जेवत नाहीत. 'जखमेवर मीठ चोळणे' दोन्हीकडे सारखेच, तेव्हा ते डोळे मिटून वापरावे. 'वर्थ वन्स सॉल्ट' वाचून खाल्ल्या मिठाला जागणे आठवते, परंतु आपले मीठ निष्ठेचे आहे आणि त्यांचे कर्तबगारीचे. धन्याशी इमान न राखणारा कारागीरसुद्धा हातात कसब असेल तर इंग्रजीत मिठाच्या मोलाचा ठरतो. 'टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट' म्हणजे ऐकलेल्यावर पुरता विश्वास न ठेवणे, आणि अमेरिकेत चिमटीऐवजी मिठाचा एक कण पुरतो. आपल्याकडे मात्र चिमूटभर मीठ सांगणाऱ्याच्या हातात असते: तो मीठमिरची लावून सांगतो. म्हणजे मराठी माणसाने मीठ घालून सांगावे आणि इंग्रजाने मीठ घेऊन ऐकावे, असा हा व्यवहार आहे. आणि दुधात मिठाचा खडा पडण्याचे दुःख त्यांना कळणार नाही, त्याला इलाज नाही.

काही वाक्प्रचार मात्र बिनधोक आहेत, कारण ते आपण त्यांच्याकडूनच घेतलेले आहेत. 'हिमनगाचे टोक' म्हणणाऱ्या कोकणातील माणसाने हिमनग कुठे पाहिला? 'मैलाचा दगड' आणि 'लाल फीत' हे असेच इंग्रजीतून आले आणि आता घरचे झाले आहेत. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' हे तर आजीच्या तोंडी असते, पण ते इसापाचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापनीती मराठीत आणली, आणि तिच्यातील प्राणी आपल्या म्हणींत असे मिसळले की आता वेगळे काढता येत नाहीत. 'लोणी लावणे' आणि 'बटर अप' यांत कोणी कोणाकडून घेतले, की दोघांनाही खुशामत सारखीच तुळतुळीत वाटली, यावर मी पैज लावणार नाही.

कोथरूडकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिसरा रकाना आखायला घेतला आहे आणि पहिल्या तीस ओळींतच कळले की त्यातील बावीस वाक्प्रचार मी प्रत्यक्ष कोणाकडूनही कधी ऐकलेले नाहीत. व्हॉट्सॲपवरील जन्मकथांविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. कालच एक संदेश आला की 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे सगळेच्या सगळे, हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी लुगड्यावरून इंग्रजीत गेला. मला अभिमान वाटला आणि शंकाही आली.

तळटीप यांचे उत्तर

शंका खरी आहे, अभिमान आवरावा लागेल. हा वाक्प्रचार अमेरिकन आहे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिथल्या छोट्या गावांतील वर्तमानपत्रांत त्याचे जुने दाखले मिळतात. गंमत अशी की १९१२ साली केंटकीमधील एका पत्रात त्याच अर्थाने 'द होल सिक्स यार्ड्स' असे छापलेले आहे. आकडा सहाचा नऊ होऊ शकतो याचा अर्थ तो कोणत्याही खऱ्या मापावरून आलेला नाही. त्याबरोबर लुगडे तर गेलेच, पण अमेरिकेत लोकप्रिय असलेली दुसरी कथाही गेली, ती अशी की दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांचा काडतुसांचा पट्टा नऊ यार्डांचा असे. १९१२ साली ती विमाने नव्हती. नऊवारीसाठी वाईट वाटू नये. सहावारीवरही अन्याय झालेला नाही.

मांजरी-कुत्र्यांच्या पावसाची कथा, म्हणजे गवताने शाकारलेल्या छपरांत ही जनावरे राहत आणि पावसात घसरून खाली पडत, ही १९९९ च्या सुमारास ई-मेलवरून फिरलेल्या एका विनोदी लेखातली आहे. कुत्रा छपरात राहतो असे कोणी सांगितले की खेड्यात वाढलेल्या माणसाला तरी संशय यायला हवा. कुत्र्या-मांजरांच्या पावसाचे उल्लेख सतराव्या शतकापासून आहेत आणि जोनाथन स्विफ्ट यांनी १७३८ साली तो आजच्या रूपात वापरला. ही जनावरे आभाळात कशी पोहोचली ते सिद्ध झालेले नाही. 'सेव्ह्ड बाय द बेल'चा पुरलेल्या माणसाच्या शवपेटीला बांधलेल्या घंटेशी संबंध नाही, तो मुष्टियुद्धाच्या फेरीअखेरच्या घंटेवरून आला.

काही कथा मात्र खऱ्या असतात आणि त्या उपयोगी पडतात. 'रेड हेरिंग' म्हणजे मुद्द्यावरून लक्ष उडवण्यासाठी मध्येच सोडलेली भलतीच गोष्ट. हेरिंग मासा खारवून धुरी दिली की लालसर होतो आणि त्याला उग्र वास येतो. विल्यम कॉबेट या पत्रकाराने १८०७ साली असे लिहिले की लहानपणी तो असा मासा जमिनीवरून ओढत नेऊन सशामागे लागलेल्या शिकारी कुत्र्यांना चकवत असे. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या बातमीमागे धावणाऱ्या वर्तमानपत्रांना त्याला टोला मारायचा होता. सुक्या बांगड्याचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला हा वाक्प्रचार पाठ करावा लागणार नाही. तसेच 'टर्न अ ब्लाइंड आय'शी १८०१ सालच्या कोपनहेगनच्या लढाईतील ब्रिटिश नौसेनानी नेल्सनची कथा जोडली जाते. माघारीचा इशारा दिसत असताना त्याने दुर्बीण आपल्या अंध डोळ्याला लावली आणि मला इशारा दिसत नाही असे सांगितले, असे म्हणतात. त्यामुळे हा आपल्या 'कानाडोळा करणे'पेक्षा थोडा अधिक आहे, कारण त्यात दिसत असूनही जाणूनबुजून न पाहणे आहे. माझी पद्धत साधी आहे: कथा जितकी चित्रमय, तितका तिच्यावर विश्वास कमी.

जुना खडू यांचे उत्तर

तळटीप यांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. कथा खोटी असली तरी विद्यार्थ्याच्या लक्षात अर्थ राहतो, आणि वर्गात तेवढे पुरते. शिवाय हडसनपार यांच्या लिहिण्यावरून असे वाटते की वहीतील जुने वाक्प्रचार विसरूनच जावेत. तसे करू नये. बोलण्यात नसले तरी ते इंग्रजी अग्रलेखांत, कादंबऱ्यांत आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत आहेत. वाचण्यासाठी अडीचशे हवेत. बोलण्यासाठी पंचवीस पुरतात.

हडसनपार यांचे उत्तर

पंचवीसही जास्त आहेत, मास्तर. सुरुवातीला 'कॉल इट अ डे', 'ऑन द सेम पेज', 'प्ले इट बाय इअर' असे चार-पाच पुष्कळ झाले, ज्यांतील मूळ चित्र आता कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही आणि जे वरिष्ठाला व कनिष्ठाला सारखेच चालतात. पहिल्याचा अर्थ आजपुरते काम थांबवणे, दुसऱ्याचा सर्वांची समज एकच असणे, आणि तिसऱ्याचा वेळ येईल तसे पाहणे. तिसरा मूळचा संगीतातला आहे: स्वरलिपी समोर न ठेवता कानाने वाजवणे. आमच्या गाण्याच्या क्लासमधील बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, 'मग दुसऱ्या कशाने वाजवतात?' बाकीचे वाक्प्रचार तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय स्वतः वापरू नयेत, हा माझा चौदा वर्षांचा नेम आहे. समोरच्याचा वाक्प्रचार कळला नाही तर सरळ विचारावे. इथे त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

कोथरूडकर यांचा प्रतिसाद

काल संध्याकाळच्या बैठकीत माझे तेच दहा पानी सादरीकरण पुन्हा निघाले. पाचव्या पानावर प्रमुख बाई म्हणाल्या, 'लेट्स पुट अ पिन इन इट.' हडसनपार यांचा सल्ला आठवून मी सरळ विचारले की विषय बंद समजावा का. त्या हसून 'नो, नो, नॉट ॲट ऑल' म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. बंद नाही आणि चालूही नाही, मग आहे तरी काय?

हडसनपार यांचे उत्तर

टाचणी लावून कडेला ठेवला आहे, बासनात गुंडाळलेला नाही. सहाव्या पानापासून तयारी ठेवा. बहुतेक पुढच्याच आठवड्यात विचारतील.